शीर म्हणावी, नस म्हणावी की धमनी?

वाचक विचारतात

'व्हेन' हा एकच इंग्रजी शब्द या वेळी खान्देशातून आलेल्या पत्रांत तऱ्हेतऱ्हेने भेटला. कुठे डॉप्लरच्या (रक्ताचा प्रवाह पाहणाऱ्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टमध्ये, कुठे भेंडीच्या बियाण्याच्या पाकिटावर, तर एका पत्रात चक्क विहिरीत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

शब्दकोशात 'व्हेन'पुढे शीर, नस, नीला आणि रक्तवाहिनी असे चार शब्द सापडले. आठवीच्या मुलांना यातला कोणता सांगू? धमनी आणि रोहिणी हे पुन्हा वेगळेच. – एक शिक्षिका, अमळनेर

चौघांपैकी चुकीचा एकही नाही, पण चौघे सारखेही नाहीत. रक्तवाहिनी म्हणजे रक्त वाहून नेणारी कोणतीही नळी. हृदयातून रक्त बाहेर नेते ती इंग्रजीत आर्टरी, हृदयाकडे परत आणते ती व्हेन, आणि या दोघींच्या मधे केसाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतक्या बारीक केशवाहिन्यांचे जाळे असते. मराठीत आर्टरीला रोहिणी किंवा धमनी म्हणतात आणि व्हेनला नीला किंवा शिरा. रोहिणी-नीला ही एक जोडी, धमनी-शिरा ही दुसरी. वर्गात कोणतीही एक धरा आणि शेवटपर्यंत तीच चालवा. फळ्यावर रोहिणी आणि वहीत शिरा असे झाले की मुले गोंधळतात. आमचा कल रोहिणी-नीलाकडे आहे, कारण शीर हा शब्द बोलण्यात फार सैल झाला आहे. तो किती सैल, ते पुढच्या उत्तरात येईल.

फरक दाखवायला तुमच्याकडे आयता नकाशा आहे. गिरणा, बोरी, पांझरा, वाघूर, अनेर या साऱ्या येऊन तापीला मिळतात आणि तापी मोठी होत जाते. लहानातून मोठी होणारी ती नीला. आता पांझरेवरची फड पद्धत घ्या. बंधाऱ्यापासून पाट निघतो, पाटाच्या चाऱ्या होतात, चाऱ्यांतून पाणी फडात उतरते. मोठ्यातून लहान होत जाणारी ती रोहिणी. पाणी जिथे मातीत मुरते तिथे केशवाहिन्या समजा. आठवीतल्या मुलाला एवढे पुरते.

'शुद्ध रक्त नेते ती रोहिणी, अशुद्ध नेते ती नीला' हे पाठ करून घेऊ नका. फुप्फुसांकडून हृदयाकडे येणाऱ्या चार नीला असतात आणि त्यांत ऑक्सिजनने भरलेले रक्त असते. गर्भाच्या नाळेत दोन रोहिण्या आणि एक नीला असते. आईकडून बाळाला ऑक्सिजन आणि अन्न पोहोचते ते त्या एका नीलेतून. व्याख्या दिशेवरून करायची, रक्ताच्या रंगावरून नाही. 'अशुद्ध' हा शब्दही जरा अन्यायाचाच. माणूस स्वस्थ बसलेला असताना नीलेतून परतणाऱ्या रक्तातले सुमारे ७५ टक्के हिमोग्लोबिन ऑक्सिजन धरूनच असते. दिशेच्या नियमालाही एक मुरड आहे. आतड्यातून निघणारी मोठी नीला थेट हृदयाकडे न जाता आधी यकृतात शिरते आणि तिथे पुन्हा फाटे फोडते. इंग्रजीत ती पोर्टल व्हेन.

आणखी एक सावधगिरी. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात ७०० शिरा, २४ धमन्या आणि ९०० स्नायू मोजले आहेत. तिथल्या धमनीला आजची आर्टरी आणि तिथल्या स्नायूला आजचा मसल समजून चालत नाही. तिथला स्नायू म्हणजे सांधे बांधून ठेवणारे दोर. शब्द जुनेच राहिले, अर्थ सरकले.

वडिलांच्या 'हार्टच्या दोन नसा ब्लॉक' आहेत असे घरात सगळे म्हणतात. रिपोर्टमध्ये व्हेन हा शब्द कुठेच नाही, सगळीकडे आर्टरी आहे. रिपोर्ट बदलला तर नाही ना? – एक वाचक, भुसावळ

रिपोर्ट तुमचाच आहे. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या त्या रोहिण्या आहेत, म्हणून आर्टरी. व्हेन हा शब्द पुढे येईल, तो बायपास ठरली तर. त्यात बहुधा पायातली लांब नीला काढून हृदयावर जोडतात. घोट्याच्या आतल्या बाजूपासून जांघेपर्यंत जाणारी ती शरीरातली सर्वांत लांब नीला. नीलेत एका दिशेचे पडदे असतात, म्हणून जोडताना तिची टोके उलटी फिरवून लावतात. नाहीतर पडदे रक्त अडवून धरतील.

मराठीत 'नस' म्हणजे कातडीखाली दोरीसारखे जे काही लागते ते सगळे. त्यामुळे दवाखान्यात घोळ होतो. 'मना पायनी नस चढी गयी' असे आजी म्हणते तेव्हा नस कुठेच चढलेली नसते. पोटरीचा स्नायू आखडलेला असतो. गुडघा सरळ करायचा, पायाची बोटे हाताने नडगीकडे ओढायची आणि अर्धा मिनिट तशीच धरायची. गोळा सुटतो. 'कमरेत नस दबली' यातली नस म्हणजे मज्जातंतू, इंग्रजीत नर्व्ह. त्यात रक्त वाहत नाही, संवेदना वाहते. 'शुगरने पायाच्या नसा गेल्या' हे डॉक्टर म्हणाले तर विचारून घ्या, कारण मधुमेहात मज्जातंतू आणि रोहिण्या दोन्ही खराब होतात आणि उपाय वेगवेगळे असतात. पायाला मुंग्या येऊन चटका कळेनासा झाला तर बहुधा मज्जातंतू. थोडे चालले की पोटरी भरून येते आणि थांबले की मोकळी होते, अशी तक्रार असेल तर बहुधा रोहिणी. 'मेंदूची नस फुटली' म्हणतात तेव्हा सहसा रोहिणी फुटलेली असते. टाचेमागची घोडशीर ही रक्तवाहिनीही नाही आणि मज्जातंतूही नाही, ती कंडरा आहे, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारा दोर. रागाने कपाळाच्या बाजूला जी शीर ताडताड उडते तीही शीर नव्हे, रोहिणी. नीला अशी ठोके देत नाही.

सगळ्यात मोठा गैरसमज 'नसबंदी' या शब्दाने केला आहे. त्यात बांधतात ती वीर्यवाहिनी, म्हणजे वृषणाकडून शुक्रजंतू पुढे नेणारी नळी. रक्ताच्या नसेला वा मज्जातंतूला कोणी हात लावत नाही. 'नस कापली की माणूस कमजोर होतो' ही समजूत बरीचशी या नावातून आली असावी. नाव 'नळीबंदी' ठेवले असते तर कदाचित एवढे पुरुष बिचकले नसते.

हातावरच्या शिरा निळ्या दिसतात, पण रक्त काढताना लालच येते. हवा लागल्यावर लाल होते का? – नववीचा विद्यार्थी, शहादा

नाही. सिरिंजमध्ये हवा नसते, तरी रक्त गडद लालच उतरते, जांभळाच्या रसाकडे झुकणारे. निळेपणा हा कातडीतून जाऊन परत येणाऱ्या प्रकाशाचा खेळ आहे.

त्यापेक्षा एक प्रयोग कर. विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने १६२८ साली रक्ताभिसरणावरच्या ग्रंथात तो चित्रांसह दाखवला होता. दंडाला रुमाल बांध. नाडी लागत राहिली पाहिजे, इतपतच घट्ट. मूठ पाच-सहा वेळा आवळ आणि सोड. कोपराखाली शिरा फुगतील आणि त्यांवर मधूनमधून गाठीसारखे उंचवटे दिसतील. तिथे पडदे आहेत. फाटा नसलेला सरळ तुकडा निवड. मनगटाकडच्या टोकाला एक बोट दाबून ठेव आणि दुसऱ्या बोटाने शीर कोपराकडे, पुढच्या उंचवट्याच्या पलीकडे पुसत ने. मग वरचे बोट उचल. मधला तुकडा सपाटच राहतो. वरचे रक्त पडद्यापाशी अडते, खाली येत नाही. आता मनगटाकडचे बोट उचल. तुकडा खालून झटकन भरतो. दोन मिनिटांत रुमाल सोड. रक्त रोहिणीतून नीलेत जाते कुठून, हे मात्र हार्वेला दिसले नव्हते. १६६१ साली मॅल्पिगी या इटालियन वैद्याने सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या पाहिल्या तेव्हा तो दुवा जुळला.

आईला सलाईन लावताना 'शीर सापडत नाही' म्हणून चार ठिकाणी टोचले, शेवटी हात सुजला. आमच्याकडून काही करता आले असते का? – एक वाचक, चोपडा

बरेच करता येते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो. त्यात माणूस सकाळपासून उपाशी आणि पाणीही न प्यालेला. अशा वेळी शिरा चपट्या होतात. उपाशीपोटीच्या रक्ततपासणीला साधे पाणी चालते. तासभर आधी दोन पेले पाजा. शस्त्रक्रियेपूर्वीचा उपास असेल तर मात्र विचारूनच. हात थंड असेल तर कोमट पाण्याने भिजवलेला टॉवेल पाच मिनिटे गुंडाळा. खाटेवर झोपवून हात काठाखाली लोंबकळू द्या. मूठ उघडझाप करायला सांगा, पण शीर थपडा मारून फुगवू नका. मारल्याने नीला आक्रसतेही, आणि माणूस दुखावतो तो वेगळाच.

टोचणाऱ्यासाठी: पट्टा टोचायच्या जागेच्या चार बोटे वर आणि एका मिनिटाच्या आत. शीर डोळ्यांनी नाही, बोटाने शोधायची. नीला रबराच्या नळीसारखी दबते आणि उसळते. कंडरा दबत नाही, रोहिणी ठोका देते. वयस्क माणसांची शीर कातडीखाली घरंगळते, म्हणून खालच्या बाजूने कातडी अंगठ्याने ताणून धरावी लागते. चार वेळा टोचावे लागण्याचे सर्वांत साधे कारण तेच असते. कॅन्युलाचा, म्हणजे शिरेत ठेवायच्या बारीक नळीचा, आकार रंगावरून ओळखतात: हिरवा १८ नंबरचा, गुलाबी २०, निळा २२, पिवळा २४. नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. म्हाताऱ्या माणसाला साध्या सलाईनसाठी निळा पुरतो. रक्त भरायचे किंवा शस्त्रक्रिया असेल तर जाड लागते.

हात सुजला, गार आणि ताठ लागला, तर सुई शिरेबाहेर निघाली आहे आणि पाणी मांसात उतरते आहे. लगेच सलाईनच्या नळीवरची चक्री बंद करून नर्सला बोलवा. 'थोडेच राहिले आहे' म्हणून संपवू नका. उलट शिरेच्या रेषेत लाल, गरम, दोरीसारखी कडक सूज आली तर ती शिरेचीच दाहक सूज असते. कॅन्युला काढून दुसऱ्या जागी लावावी लागते. बाटली संपून नळीत रक्त चढले म्हणून घाबरू नका. शिरेतला दाब रिकाम्या नळीपेक्षा जास्त झाला, एवढाच त्याचा अर्थ.

सुई काढल्यावर कोपर दुमडून ठेवायची जुनी सवय आहे, ती सोडा. हात सरळ ठेवून कापसावर तीन ते पाच मिनिटे दाबा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर दहा मिनिटे. दुमडल्याने शिरेचे छिद्र तिरपे उघडे राहते आणि दुसऱ्या दिवशी काळानिळा डाग दिसतो. डायलिसिससाठी फिस्टुला केलेल्या, म्हणजे रोहिणी आणि नीला जोडून थरथर लागते अशा हाताला, किंवा स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूला टोचू देऊ नका. हे नातेवाइकांनीच आधी सांगायचे.

आणि एक गोष्ट पत्रात विचारलेली नाही, तरी लिहितो. 'अशक्तपणा आलाय, एक बाटली चढवा' हा आग्रह आपल्याकडे फार आहे. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलिलिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. साध्या सलाईनच्या तेवढ्याच बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ. ज्याला तोंडाने घेता येते त्याला लिंबूसरबताचे दोन पेले तेच काम करतात, आणि शीर शोधावी लागत नाही.

केळीच्या वखारीत दहा-बारा तास उभे काम. पायाच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या आहेत, घोट्याजवळ कातडी काळी पडून खाज येते. तेलाने मालिश करू का? – एक वाचक, रावेर

मालिश नको. याला व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात. उभे राहिल्यावर हृदयापासून घोट्यापर्यंतचे सगळे रक्त उभ्या नळीत भरलेल्या पाण्यासारखे घोट्यावर जोर देते. तिथल्या नीलेतला दाब पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटरपर्यंत जातो. चालताना पोटरी आवळते, रक्त वर ढकलले जाते आणि हा दाब ३० च्या आसपास उतरतो. तुमच्या कामात उभे राहणे आहे, चालणे नाही. पडदे सैल पडले की वर गेलेले रक्त पुन्हा खाली येते, शीर फुगते, फुगल्याने पडदे आणखी दूर जातात. काळी कातडी आणि खाज म्हणजे रक्त साचून बाहेर झिरपते आहे. याच्या पुढची पायरी घोट्याच्या आतल्या बाजूची न भरणारी जखम. तुम्ही त्या पायरीच्या अलीकडे आहात, म्हणून वेळ घालवू नका.

उभ्याने केलेली व्हेनस डॉप्लर तपासणी करून घ्या. झोपवून केलेल्या तपासणीत गळका पडदा निसटू शकतो. तोवर दर अर्ध्या तासाला जागेवरच वीस-पंचवीस वेळा टाचा उचला. घरी आल्यावर पाय हृदयाच्या वर राहतील असे पंधरा मिनिटे ठेवा, दिवसातून तीनदा. एका उशीने भागत नाही, गादीच गुंडाळून घ्या. पायमोजे दाबाचे येतात. २० ते ३० मिलिमीटर दाबाचे सहसा सांगतात. माप सकाळी उठल्या उठल्या घोट्याला आणि पोटरीला घ्यायचे आणि मोजे अंथरुणातून पाय खाली टाकण्यापूर्वी चढवायचे. दुपारी सुजलेल्या पायावर चढवलेला मोजा वरच्या काठाने करकोचतो आणि उलट काम करतो. रात्री काढा, रोज हाताने धुवा, पिळू नका. उन्हाळ्यात ते असह्य होतात हे खरे. निदान उभे राहायच्या तासांत तरी घाला. मधुमेह किंवा विडी-सिगारेटची जुनी सवय असेल तर आधी पायाच्या रोहिण्या तपासून घ्या. रोहिणीच अरुंद असेल तर घट्ट मोजा पायाचा उरलासुरला पुरवठा तोडतो.

फुगलेली शीर फुटली तर रक्त भसाभस येते. खुर्चीवर बसून राहू नका, आडवे व्हा, पाय भिंतीला टेकवून वर करा आणि स्वच्छ फडक्याने दहा मिनिटे न उघडता दाबा. वरच्या बाजूला दोरी बांधाल तर रक्त वाढेल, कारण नीलेचा वर जायचा रस्ताच बंद होईल. एकाच पायाची पोटरी अचानक सुजली, गरम झाली, दुखू लागली तर ती खोल नीलेतली गुठळी असू शकते. तेव्हा मालिश म्हणजे गुठळी सोडवून फुप्फुसाकडे रवाना करणे. सरळ दवाखाना गाठा.

भेंडीच्या पाकिटावर 'यलो व्हेन मोझॅक सहनशील' असे छापले होते. तरीही पाने पिवळी पडली. दुकानदार म्हणतो लोह कमी आहे. खरे काय? – एक शेतकरी, पारोळा

पान तोडून उजेडाकडे धरा. शिरा पिवळ्या आणि मधला भाग हिरवा असेल तर यलो व्हेन मोझॅक. आपल्याकडे त्याला हळद्या किंवा केवडा म्हणतात. उलट शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर दुकानदार बरोबर, तेही कोवळ्या पानांवर आधी दिसत असेल तर. लोह झाडात एका पानातून दुसऱ्या पानात सहज सरकत नाही, म्हणून उणीव शेंड्याला दिसते. चुनखडीच्या जमिनीत ते असूनही मुळांना मिळत नाही. पाच ग्रॅम फेरस सल्फेट आणि अडीच ग्रॅम चुना एका लिटर पाण्यात मिसळून, गाळून, आधी एकाच ओळीवर फवारा. आठवड्यात नवे पान हिरवे निघाले तर रोग नाही, भूक होती.

हळद्या असेल तर औषधाने ते झाड बरे होत नाही. तो विषाणू आहे आणि पांढरी माशी तो पसरवते. शिरांचे जाळे पिवळे दिसलेली पहिली झाडे उपटून शेताबाहेर गाडा, पिवळे चिकट सापळे लावा, पाच टक्के निंबोळी अर्क पानाच्या खालच्या बाजूला पोहोचेल असा फवारा. 'सहनशील' म्हणजे रोग होणारच नाही असे नव्हे. परभणी क्रांतीसारखे वाण याच रोगासाठी काढले गेले, पण माशी भरपूर आणि विषाणू नवा असेल तर कोणताही वाण वाकतो.

कपाशीतही हीच नजर वापरा. लाल्यात, म्हणजे पाने लाल पडतात तेव्हा, शिरा हिरव्या आणि मधला भाग लाल झाला तर मॅग्नेशियमची उणीव धरा, आणि ती खालच्या जुन्या पानांवर आधी दिसते. लिटरला दहा ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट फवारा. काठ लाल होऊन पान खाली वाटीसारखे वळले असेल तर पान उलटून तुडतुडे शोधा, खत नको.

केळीच्या पानाची गोष्ट निराळी. कपाशी-भेंडीत शिरांची जाळी असते; केळीत मधल्या दांड्यापासून काठापर्यंत शिरा एकमेकींना समांतर धावतात. म्हणून वाऱ्यात पान शिरेच्या रेषेत फाटत जाते, आणि म्हणूनच बागेच्या कडेने शेवरी लावतात. रोगाच्या खुणाही त्याच रेषेत उमटतात. नव्या पोंग्याच्या पानावर शिरांना समांतर तुटक पिवळ्या रेघा म्हणजे हरण्या, अर्थात कुकुंबर मोझॅक विषाणू. हा मावा पसरवतो. झाड कंदासकट काढून बागेपासून दूर गाडा, आणि बागेत वा शेजारी काकडी, मिरची, टोमॅटो घेऊ नका. खालच्या जुन्या पानांवर बारीक रेघा येऊन त्यांचे मधे राखाडी पडलेले लांबट ठिपके झाले तर तो करपा, बुरशी. तिथे रोगट पान कापून नष्ट करणे आणि बुरशीनाशक चालते. हरण्याला बुरशीनाशक मारणे म्हणजे पैसे पाण्यात.

पाणाड्याने नारळ फिरवून 'इथून पाण्याची शीर जाते' असे सांगितले. ८० फुटांवर खडकच लागला. इंग्रजीतही खाणीत व्हेन असते म्हणतात, मग पाण्याची का नसावी? – एक वाचक, साक्री

खाणीतली व्हेन म्हणजे खडकाच्या भेगेत गरम पाण्यातून साचलेल्या खनिजाचा पट्टा. कोलारचे सोने अशाच गारगोटीच्या पट्ट्यांतून काढत. ती खाण २००१ मध्ये बंद झाली. पाणी मात्र आपल्या काळ्या खडकात नळीतून वाहत नाही. ते मुरमात, सच्छिद्र थरात, उभ्या-आडव्या भेगांत आणि दोन लाव्हाथरांच्या सांध्यावर साठते. घट्ट खडक लागला म्हणजे भेग चुकली, शीर चुकली नव्हे. विहिरीत चहूबाजूंनी आडवे बोअर मारून पाणी वाढते ते भेगा जोडल्या गेल्यामुळेच.

तुमच्या भागात आणखी एक गोष्ट आहे. धुळे-नंदुरबारात काळ्या दगडाच्या अरुंद, सरळ, भिंतीसारख्या टेकड्या मैलोन्‌मैल पूर्व-पश्चिम जातात. लाव्हारस भेगेत घुसून थिजल्याने त्या बनल्या. भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. भिंत अखंड असेल तर भूजल चढाच्या बाजूला अडते, भेगाळलेली असेल तर तिच्या कडेनेच पाणी लागते. नारळापेक्षा शेताजवळून अशी भिंत जाते का ते पाहा आणि भूभौतिक रोधकता चाचणी करा, म्हणजे जमिनीत वीज सोडून खालचे थर ओळखायची तपासणी. तापीकाठच्या यावल-रावेरकडे गाळाचे थर आहेत; तिथे शीर नाही आणि खडकही नाही, वाळूचा थर किती खोल हाच प्रश्न.

साप चावल्यावर वर घट्ट बांधून 'शीर बंद करावी' का? – एक वाचक, धडगाव

नाही. सापाचे विष बहुतांशी लसीकावाहिन्यांतून, म्हणजे मांसातला पाझर रक्तात परत नेणाऱ्या बारीक नळ्यांतून, पसरते. घट्ट दोरीने रोहिणी बंद होऊन हातपाय काळा पडू शकतो, आणि दवाखान्यात दोरी सोडताच साचलेले विष एकदम सुटते. अंगठ्या-कडी काढा, तो अवयव फळीला बांधून हलू देऊ नका, चालवू नका, गाडीत घालून न्या. चिरू नका, चोखू नका. दवाखान्यात शिरेतून दोन मिलिलिटर रक्त काढून कोरड्या काचेच्या नळीत वीस मिनिटे न हलवता ठेवतात. नळी कलती केल्यावर रक्त गोठलेले नसेल तर घोणस-फुरशाचे विष चढले असे धरतात. प्रतिविषही शिरेतूनच देतात, म्हणून हात दोरीने सुजवून आणू नका.

'इन द सेम व्हेन' याचे मराठी 'त्याच शिरेत' असे एका अनुवादात वाचले. चालेल? – एक वाचक, जळगाव

चालणार नाही. 'त्याच सुरात' किंवा 'त्याच धाटणीने' म्हणा. 'लायटर व्हेन'ला 'जरा गमतीने'. विनोदाची व्हेन आपल्याकडे विनोदाचा झरा होते. उलट नसानसांत भिनणे, दुखऱ्या नसेवर बोट ठेवणे, घशाच्या शिरा ताणून ओरडणे ही आपली बोलणी इंग्रजीत शब्दशः गेली तर तिथला वाचक दचकेल. इंग्रजीत 'व्हेन' याच उच्चाराचे आणखी दोन शब्द आहेत: एक गर्विष्ठ वा व्यर्थ, दुसरा वाऱ्याची दिशा दाखवणारे पाते. ऐकून लिहिणाऱ्याने स्पेलिंग पाहावे. आपल्याकडेही शिर म्हणजे डोके, शीर म्हणजे नस, आणि तिचे अनेकवचन शिरा. सत्यनारायणाच्या पत्रिकेत 'शिरा' छापला तर कोणी रक्तवाहिन्या समजत नाही, एवढे बरे.